मदत हवी आहे : वाटपाचा हुकूमनामा (न्यायालयाचा आदेश) मिळाला, पण आईच्या वाट्याची जमीन ताब्यात कशी येईल?

सर्वांना नमस्कार. मी धुळ्यात राहते. आईचे माहेर जळगाव जिल्ह्यात, तापीच्या पट्ट्यात आहे. तेथील वडिलोपार्जित शेतजमिनीच्या वाटपाबाबत मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. समन्स, कैफियत, मुद्दे, सरतपास, उलटतपास हे न्यायालयातील टप्पे इतक्या वर्षांत पाठ झाले आहेत, परंतु निकालानंतर काय करायचे हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आजोबा २००१ मध्ये वारले. आजी त्यांच्या आधीच गेली होती. मागे तीन मामा, आई आणि मावशी. फेरफार झाला तेव्हा सातबाऱ्यावर फक्त मामांची नावे लागली. आई किंवा मावशीने हक्कसोड लेख कधीच करून दिलेला नाही. २०१४ मध्ये आईने वाटपाचा दावा लावला आणि त्या वर्षापासून ती आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेलेली नाही. आमच्या खान्देशात आखाजीला लेकीने माहेरी न जाणे म्हणजे काय, हे येथील वाचकांना वेगळे सांगायला नको.

मामांच्या कैफियतीतील (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरातील) मुख्य मुद्दा असा होता की, हिंदू उत्तराधिकार कायद्यातील मुलींच्या हक्काची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि वडील त्यापूर्वीच वारले असल्यामुळे आईला समान हिस्सा मिळत नाही. या एका मुद्द्यावर दावा वर्षानुवर्षे रेंगाळला. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात, मुलीचा हक्क जन्मानेच येतो आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्णय दिला, आणि २०२२ मध्ये आमच्या दाव्याचा निकाल लागला. पाचही भावंडांना प्रत्येकी एक पंचमांश हिस्सा ठरला.

एकूण क्षेत्र ४ हेक्टर २० आर, म्हणजे आईच्या वाट्याला ८४ आर येतात. गट तीन आहेत. एक गट १ हेक्टर ८० आरचा, विहीर आणि पाइपलाइन असलेला, त्यात केळी आहे. दुसरा १ हेक्टर ५० आरचा कोरडवाहू, त्यात कापूस होतो. तिसरा ९० आरचा, नाल्याकाठचा. त्यात बाभळी माजल्या आहेत आणि दर पावसाळ्यात नाला बांध खातो. मामांचे म्हणणे असे की, बहिणीचा हिस्सा ८४ आर आणि नाल्याकाठचा गट ९० आर, तर तो सगळाच तिला देऊन टाकावा आणि विषय मिटवावा. हुकूमनाम्यात मात्र ‘सरस-निरस मानाने’ (जमिनीचा बरेवाईटपणा पाहून) वाटप करून स्वतंत्र ताबा द्यावा, असे शब्द आहेत. आईने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे.

अडचण पुढे आहे. आमच्या अर्जावरून न्यायालयाने कागद वाटपासाठी महसूल खात्याकडे पाठवले, त्याला आता वर्ष उलटून गेले. मी पाच वेळा चौकशीला गेले. दोनदा ‘फाइल सापडत नाही’, एकदा ‘मोजणीकडे आहे’ आणि शेवटी ‘तुमच्या मामांनी अपील केले आहे, त्याचा निकाल लागल्यावर या’ असे उत्तर मिळाले. दोन मामांनी जिल्हा न्यायालयात अपील केले आहे, हे खरे आहे. परंतु तेथे स्थगिती मिळाल्याचे आम्हाला कोणीही कळवलेले नाही. शेवटच्या खेपेला आई सोबत होती. ती जिन्यातच बसली आणि म्हणाली, “मन्हा बापनं वावर शे ते.” (माझ्या बापाचे शेत आहे ते.) ती ६७ वर्षांची आहे, आणि मला तिला त्या वावरात उभी राहिलेली पाहायचे आहे.

अपील चालू असेपर्यंत वाटप थांबतेच का? गावातल्या घराचे वाटपही हेच कार्यालय करते का? शेतजमिनीसाठी न्यायालयातून वेगळा अंतिम हुकूमनामा आणावा लागतो का, आणि इतका वेळ गेल्यामुळे आमचा हक्क मुदतबाह्य तर होत नाही ना? आमचे वकील साहेब आजारपणामुळे काम थांबवून बसले आहेत आणि नवीन वकिलांची फी सध्या आम्हाला झेपणारी नाही.

प्रतिसाद

ताई, मी खान्देशातच बरीच वर्षे दिवाणी बाजूची वकिली केली आहे. कागद पाहिल्याशिवाय अखेरचे मत देणे योग्य नाही, तरी आपण लिहिलेल्या माहितीवरून सांगतो.

नुसते अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ५ मध्ये हे स्पष्ट आहे. त्यासाठी अपिली न्यायालयाचा स्थगिती आदेश लागतो. म्हणून प्रथम अपिलाचा रोजनामा (प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले याची नोंद) पाहा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पक्षकाराच्या नावावरूनही प्रकरण सापडते. स्थगिती नसेल तर रोजनाम्याची नक्कल जोडून लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय तेथून उठू नका. तोंडी विचारणेला तोंडीच उत्तर मिळते आणि ते कोठेही नोंदले जात नाही. फाइल नेमकी कोणाच्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

शेतसारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप न्यायालय करत नाही. संहितेच्या कलम ५४ प्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांनी नेमलेल्या राजपत्रित अधिकाऱ्याने करायचे असते. व्यवहारात हे काम बहुधा तहसीलदारांकडे येते. हिस्सा किती हे न्यायालयाने ठरवलेले आहे, त्यात महसूल अधिकाऱ्याला बदल करता येत नाही. तो फक्त कोणता तुकडा कोणाला हे ठरवतो, आणि तेही हुकूमनाम्याच्या चौकटीत. ती चौकट मोडली तर त्याच न्यायालयात दाद मागता येते. शेतजमिनीसाठी वेगळा अंतिम हुकूमनामा लागत नाही. घराचे मात्र वेगळे आहे: त्यासाठी न्यायालयात अर्ज करून कोर्ट कमिशनर नेमून घ्यावा लागतो आणि त्याच्या अहवालानंतर अंतिम हुकूमनामा होतो. मुदतीची काळजी करू नका. वाटपाच्या दाव्यात अंतिम हुकूमनाम्यासाठीच्या अर्जाला मुदतीचा कायदा आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितले आहे.

आता सरस-निरस. माझ्या मते आपली खरी लढाई हीच आहे. या शब्दांचा अर्थ नुसते आर मोजून देणे असा नाही. जमिनीची प्रत, पाणी, रस्ता, सारे धरून वाटे समतोल करायचे असतात. संपूर्ण नाल्याकाठचा गट एकीच्या माथी मारणे यात बसत नाही. उलट, प्रत्येक गटाचे पाच तुकडे करा, हा आग्रहही धरू नका, कारण तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत (ठरवून दिलेल्या किमान) क्षेत्राहून लहान तुकडा पाडता येत नाही. बागायत गटात थोडे आणि कोरडवाहू गटात उरलेले, अशी मागणी आपणच नकाशावर आखून लेखी द्या. विहिरीच्या पाण्याची पाळी आणि वावरापर्यंत जाण्याची वाट यांची मागणीही त्याच अर्जात असू द्या. ती राहून गेली, तर ८४ आर हाती येऊनही बांधावर अडवणूक होते. अशी प्रकरणे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यानंतर मोजणी फी भरणे, भूमी अभिलेखकडून मोजणी, वाटप तक्ता, त्यावर हरकती, ताबा, आकारफोड पत्रक (प्रत्येक वाट्याचे क्षेत्र व शेतसारा वेगळा दाखवणारा कागद) आणि शेवटी आईंच्या नावाचा स्वतंत्र सातबारा, असा क्रम साधारणपणे असतो. वाटप तक्त्याची नोटीस आली की त्या तारखेला हजर राहा, दुसऱ्या कोणावर सोपवू नका.

वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे ॲपवर अपिलाचा रोजनामा पाहिला. स्थगितीचा अर्ज दिलेला दिसतो, त्यावर आदेश मात्र झालेला नाही. रोजनाम्याच्या नकलेसाठी उद्याच अर्ज देते आणि विधी सेवा समितीतही जाऊन येते. वाट्याचा नकाशा काल रात्री आईने स्वतः वहीत काढला. विहीर, आंब्याचे झाड, गाडीवाट, सगळे तिला आठवते. तिने विहिरीच्या पूर्वेचा तुकडा मागितला आहे आणि गाडीवाट दोनदा गिरवली आहे. मावशीलाही या अर्जात सामील करून घ्यावे, की तिने स्वतंत्र अर्ज द्यावा, एवढे कृपया सांगावे.