जैवइंधनाची "६३ टक्के बचत" : हा आकडा मोजलेला की ठरवलेला?

रानवाट
गेला आठवडाभर जैवइंधनाच्या कार्बन हिशोबात डोकं घातलंय, आता राहवत नाही म्हणून धागा काढतेय. युरोपियन युनियनच्या नियमात गाड्यांसाठीच्या पेट्रोल-डिझेलला दर मेगाज्यूल ऊर्जेमागे ९४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात (बाकीचे वायू त्यातच रूपांतर करून). समजा एखाद्या तेलबियांच्या बायोडिझेलचा पेरणीपासून टाकीपर्यंतचा हिशोब ३५ ग्रॅम आला, तर बचत ६३ टक्के. ज्या प्लांटला ६० टक्क्यांची अट आहे तो पास. पण त्याच नियमाच्या परिशिष्टात असंही दिलंय की तेलबिया इंधनाकडे वळल्या की खायच्या तेलासाठी दुसरीकडे कुठेतरी जंगल किंवा कुरण मोडलं जातं, आणि त्याचा अंदाजे भार ५५ ग्रॅम. ३५ अधिक ५५ म्हणजे ९०, बचत उरली ४ टक्के! आणि हे ५५ फक्त अहवालात दाखवायचे, पास-नापास ठरवताना धरायचेच नाहीत. माझं स्पष्ट मत, जमीन सोडून केलेल्या हिशोबाला बचत म्हणूच नये.

मेगाज्यूल
असहमत. ते ५५ कुणी मोजलेले नाहीत, ते आर्थिक मॉडेलमधून आलेत. भाव वाढला की जगात कुठे कोण नांगर घालेल याचा तो अंदाज आहे. मक्याच्या इथेनॉलचं बघा, २००८ मध्ये सर्चिंजर या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी सायन्स या नियतकालिकात जमीनबदलाचा भार १०४ ग्रॅम काढला, २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने ३० धरला, नंतर त्यांनीच तो २० च्या आसपास आणला. पीक तेच, देश तोच. सहा-सात वर्षांत एक पंचमांश होणाऱ्या आकड्यावर कारखान्याला नापास करायचं? ट्रॅक्टरचं डिझेल, बॉयलरचा गॅस, खताच्या गोणी, हे सगळं बिलावरून मोजता येतं. जे मोजता येतं तेवढ्यावरच नियम करा.

रानवाट
मेगाज्यूल, पण नक्की आकडा सापडत नाही म्हणून तुम्ही तिथे शून्य लिहिताय, आणि शून्य हाही आकडाच की हो! या सगळ्या अंदाजांत एकटा तोच नक्की चूक आहे असं म्हणता येईल.

काळीमाती
"बिलावरून मोजता येतं" यावर थोडं. मी काही वर्षं शेतातला नायट्रस ऑक्साइड, म्हणजे नत्रखतातून निघणारा वायू, मोजायचं काम केलंय. मातीत एक चौकट रुतवून ठेवायची, तिच्यावर घट्ट झाकण बसवायचं आणि दर पंधरा मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढून बाटलीत भरायची. आठवडेच्या आठवडे काहीच नाही, मग युरिया पडतो, त्यावर पाऊस येतो, आणि तीन-चार दिवस आकडे असे उसळतात की वर्षभराच्या वायूतला मोठा वाटा तेवढ्यातच निघून जातो. त्या दिवसांत तुम्ही शेतावर नसलात तर मोजणी गेलीच. हिशोब करणारे मात्र बहुतेक वेळा घातलेल्या नत्रातला १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात जातो असं धरून मोकळे होतात, आयपीसीसीने (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती) २००६ मध्ये त्याचीच शक्यता ०.३ पासून ३ टक्क्यांपर्यंत दिली होती. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो, त्यामुळे हा एक टक्का इकडचा तिकडे झाला की तुमचे ३५ चे ५० व्हायला वेळ लागत नाही. बिलावर फक्त गोण्या दिसतात हो, मातीतनं काय निघालं ते नाही.

पेंडवाला
आणि पेंडीचं काय? मक्यातनं इथेनॉल काढल्यावर दाण्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा जनावरांच्या खाद्यात जातो. त्याचं श्रेय द्यायचं कसं? युरोपात ऊर्जेच्या प्रमाणात वाटणी करतात, अमेरिकेत त्या पेंडीने जे दुसरं खाद्य वाचलं ते वजा करतात. दोन्ही पद्धती पटण्यासारख्या आहेत पण उत्तरं वेगळी येतात. एकूण उत्तरं तर आणखी लांब जातात, २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेचे लोक म्हणतात मक्याचं इथेनॉल पेट्रोलपेक्षा ४४ ते ५२ टक्के चांगलं, आणि २०२२ मध्ये लार्क हे संशोधक आणि सहकारी म्हणतात ते पेट्रोलपेक्षा चांगलं नाहीच, बहुधा किमान २४ टक्क्यांनी वाईट. अर्थात या दोघांमधला मोठा फरक पेंडीचा नाही, जमिनीचाच आहे, तेवढं रानवाट यांचं मान्य.

मेगाज्यूल
काळीमाती, तुमचा मुद्दा मानला, शेतातला भाग मी फारच सोपा करून सांगितला. तरीही आकडा नकोच म्हणू नका. पामतेलाच्या गिरणीचं सांडपाणी उघड्या तलावात सोडतात, तपकिरी दाट पाणी, वर सारखे बुडबुडे, तो मिथेन, तोही तापवणारा वायू. युरोपच्या तक्त्यात उघड्या तलावाच्या आणि मिथेन धरून ठेवणाऱ्या गिरणीच्या इंधनाला वेगवेगळे आकडे आहेत, दुसऱ्याचा बराच कमी. आकडा नसता तर झाकण घालायला खर्च कोण करणार होतं?

रानवाट
झाकण घालावंच, पण ती गिरणी दलदलीच्या पीटवर (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची, कार्बनने भरलेली माती) वाढवलेला पाम घेत असेल तर? फार्जियन वगैरे संशोधकांनी २००८ मध्येच दाखवलं, इंडोनेशिया-मलेशियातलं पीटचं जंगल तोडून केलेल्या पाम बायोडिझेलला तो कार्बन फेडायला ४२३ वर्षं लागतात. आणि तुमचा नियम असा कार्बन किती वर्षांत वाटतो? युरोपात २०, अमेरिकेत ३०. हप्ते वाढवले की दरसाल भार कमी दिसतो, हवेत गेलेला वायू तेवढाच राहतो.

काळीमाती
मला वाटतं जमिनीला ग्रॅममध्ये बसवायचा हट्टच सोडावा. युरोपने एक काम बरं केलंय, खाण्याच्या पिकांच्या इंधनावर वाहतुकीच्या ऊर्जेत ७ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आणि जमीन मोडण्याचा धोका जास्त असलेली पिकं २०३० पर्यंत अक्षय ऊर्जेच्या उद्दिष्टाच्या मोजणीतनं बाद करायचं ठरवलं. त्याला ५५ बरोबर की २५ हे ठरवत बसावं लागत नाही. तलाव, बॉयलर, खत हे ग्रॅममध्ये मोजा, कारखानदाराच्या हातात तेच आहे.

मेगाज्यूल
मर्यादा चालेल. पण मग ती पिकाच्या नावावर नको, कुठल्या जमिनीवर घेतलं त्यावर हवी. पडीक जमिनीवरच्या आणि पीटवरच्या पामाला एकच शिक्षा का?

रानवाट
कारण ती पडीकच होती हे दाखवायला लागवडीच्या आधीची उपग्रहाची चित्रं लागतात, आणि पडीकवरचा पाम इंधनाला देऊन पीटवरचा खायच्या तेलाला विकला तर तुमच्या कागदावर काहीच दिसणार नाही. यावर उत्तर द्या, मग पुढे बोलू.