चिलर फ्लो फॉल्टवर पडतोय, सर्विसवाल्याने जंपर मारून दिलाय, चालवू का?

वेर्णा_युटिलिटी:
नमस्कार मंडळी. वेर्ण्याला एका कंपनीत युटिलिटीला आहे, दीड वर्ष झालं. वॉटर कूल्ड स्क्रू चिलर आहे, म्हणजे प्लांटसाठी पाणी गार करणारं मशीन, आर-१३४ए गॅसवर, सेट पॉइंट ७ डिग्री. चतुर्थीला ५ दिवस प्लांट बंद होता, परवा चालू केल्यापासून दर २०-२५ मिनिटांनी फ्लो फॉल्ट (पाणी कमी वाहतंय) येतो, रिसेट केला की चालतो नि परत पडतो. काल नाइटला सर्विसवाला आला, पॅनल उघडून फ्लो स्विचच्या (पाणी कमी वाहिलं की मशीन बंद करणारा) दोन टर्मिनलमध्ये निळ्या वायरचा तुकडा, म्हणजे जंपर, घालून तो बायपास केला, म्हणाला स्विच खराब आहे, नवीन आला की बदलू. चालतोय खरा, पण रात्रभर माझं लक्ष त्या वायरकडेच. आता इनलेट १५ आउटलेट ७ दाखवतो, आधी तेवढ्याच लोडला १२ नि ७ असायचं. इनचार्ज म्हणतात प्रॉडक्शन थांबवू नको. काय करू?

कुंडई_रेफ्रिजरेशन:
भावा आधी मशीन बंद कर. स्विच खराब नाही, तो खरं बोलतोय. लोड तेवढाच आणि फरक ५ चा ८ झाला म्हणजे पाणी जेमतेम ६० टक्के येतंय. इव्हॅपोरेटरच्या (जिथे पाणी गार होतं) इन-आउट प्रेशर गेजमधला फरक बघ, पाणी ६० टक्के असेल तर तो आधीच्या साधारण एक तृतीयांशावर आलेला दिसेल.

कुंडईला मी स्वतः बघितलंय म्हणून सांगतो. असाच जंपर होता, पहाटे पंप ट्रिप झाला, कॉम्प्रेसर चालूच. सगळ्यांना वाटायचं पाणी गोठायच्या आधी मशीन बंद करणारा अँटिफ्रीझ वाचवेल, पण तो सेन्सर आउटलेट पाइपात, पाणीच थांबलं तर ट्यूबमधली थंडी त्याच्यापर्यंत पोचणार कशी? आत बर्फ झाला, ट्यूब फुटल्या, पाणी गॅसमध्ये गेलं. साइट ग्लासचा हिरवा ठिपका पिवळा, म्हणजे गॅसमध्ये ओल, आणि ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. कॉम्प्रेसर गेला तो गेलाच.

कंट्रोलरवरून बंद कर, पंप थोडा वेळ चालू दे, मग पंप बंद. वायर काढायला चिलरचा मेन आयसोलेटर ऑफ करून आपलं कुलूप लाव, चावी आपल्याच खिशात, आणि मल्टिमीटर लावल्याशिवाय हात घालू नको कारण कंट्रोल सप्लाय कधीकधी दुसरीकडून येतो. वायर काढलीस की मेन परत चालू कर म्हणजे ऑइल हीटर चालू राहील, आणि कुलूप पंपाच्या आयसोलेटरला लाव. मग दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद करून, प्रेशर सोडून, पंपाचा स्ट्रेनर (कचरा अडवणारी गाळणी) उघड. माझा संशय तिथेच आहे.

डिचोली_पॅनलवाली:
दादांनी सांगितलं ते बरोबर. एक विचारते, चतुर्थीत मेनच बंद ठेवला होता का? तसं असेल तर ऑइलमध्ये गॅस विरघळलेला असतो आणि सुरू करताना फेस येतो, म्हणून एवढ्या दिवसांनी चालवताना हीटर आदल्या दिवशीच चालू करायचा. आणि पावसात लाइनचं काम झाल्यावर फेज उलटे येतात, तेव्हा फेजचा क्रम बघणारा फेज रिले पडला तर त्यालाही असाच जंपर मारणारे आहेत, त्यांना हात लावू देऊ नकोस. इनचार्जना १५ नि ७ चा आकडा लॉगमध्ये लिहून दाखव, तोंडी बोलून उपयोग नाही.

वेर्णा_युटिलिटी:
दादा, ताई, खूप आभार. इनचार्जना आकडे दाखवले, दोन तास मिळाले. स्ट्रेनरची जाळी निम्म्याहून जास्त बंद होती, काळ्या रबराचे नखाएवढे तुकडे आणि गंजाचा गाळ. रबर रिटर्न लाइनच्या बटरफ्लाय व्हॉल्व्हचं निघालं, सीट फाटलीय. वायर काढली, आता १२ नि ७, संध्याकाळपासून एकही ट्रिप नाही. मेन बंदच होता ताई, पुढच्या वेळी हीटर चालू ठेवणार. व्हॉल्व्ह बदलेपर्यंत दर शिफ्टला गेज लिहितोय.