आत्याच्या दीक्षेला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी का लागावी?

कमाटीबागकर (धागा यांनी काढला):
माझी आत्या ६८ वर्षांची, बडोद्याच्या वाडी भागात राहते. वीस वर्षं रोज संध्याकाळी बुद्धवंदना म्हणते, कागदावर मात्र हिंदूच. यंदा रीतसर दीक्षा घ्यायची म्हणाली. गुजरातच्या २००३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात दीक्षा देणाऱ्याने आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. बौद्ध धर्म वेगळा धरायचा आणि तिथेही परवानगी लागणार, असं गृहखात्याने एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं. भन्तेजींनी अर्ज दिला आणि आत्याला चौकशीचं बोलावणं आलं.

मी सोबत होतो. कचेरी कुठली ते लिहीत नाही. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी रांगेतल्या सगळ्यांसमोर विचारलं, "बा, तमने कोईए कंई आप्युं?" आत्याला क्षणभर कळेचना, कोणी काय द्यायचं. मग म्हणाली, "मला कोण देणार? मीच देते विहाराला महिन्याला शंभर रुपये." त्यांनी लिहून घेतलं, 'प्रलोभन नाही'. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

संविधानाचं कलम २५ सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. ते वापरायच्या आधी मन कोणाला दाखवून यावं लागत असेल, तर ते स्वातंत्र्य कसलं?

रावपुऱ्याचा वकील:
आत्याबाईंना त्रास झाला, वाईट वाटलं. पण कलम २५ अर्धं वाचू नका. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून, असं तिथेच लिहिलंय. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा नाही. मध्य प्रदेश आणि ओडिशाचे कायदे तेव्हा टिकले. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे आले होते, कशावर अंगठा उठवला हे त्यांना ठाऊकच नव्हतं. अशा माणसाला कोणीतरी आधी विचारायला नको?

कमाटीबागकर:
वकीलकाका, फसवणूक झाली तर गुन्हा नोंदवा, माझी हरकत नाही. पण इथे फसवणुकीचा संशय आधी, माणूस नंतर. स्टॅनिस्लॉसमध्ये प्रश्न दुसऱ्याला धर्मांतरित करणाऱ्याच्या हक्काचा होता. आत्या स्वतःहून निघाली आहे. हिमाचल प्रदेशात धर्मांतराची ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागे. ती तरतूद तिथल्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली. आपली श्रद्धा उघड न करण्याचाही माणसाला हक्क आहे, असं म्हटलं.

रावपुऱ्याचा वकील:
तो हिमाचलचा निकाल, गुजरातवर बंधनकारक नाही.

दांडियाबाजार:
बडोद्यात राज्याने धर्मात लक्ष घालणं नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १९१५ साली पुरोहित कायदा आणला, परवाना नसलेल्या भटजींना आळा घातला. तेव्हाही लोक चिडलेच. म्हणून महाराज चुकले म्हणायचं का? सर्वधर्मसमभाव म्हणजे सरकारने डोळे मिटून बसावं असं नाही.

मांडवीची लेक:
दादा, महाराजांनी परीक्षा भटजींची घेतली, यजमानाची नाही. तू पूजा का करतोस, हे कोणी विचारलं नव्हतं. फरक तिथेच आहे.

परिपत्रकातली एक गोष्ट मला पटते, तीही सांगते. २००६ मध्ये इथे दुरुस्तीचं विधेयक आलं होतं, त्यात बौद्ध आणि जैन हिंदूंतच धरले होते. राज्यपालांनी ते परत पाठवलं, सरकारने २००८ मध्ये मागे घेतलं. तेव्हा 'आम्ही वेगळे' म्हणून आपली माणसं भांडली होती. आता सरकार स्वतःच वेगळा धर्म म्हणतंय, हे हवंच होतं. परवानगी मात्र नको होती. बाबासाहेब १९१७ मध्ये याच शहरात नोकरीला आले. पारशी वसतिगृहातून हाकलले गेले आणि कमाटीबागेत झाडाखाली बसून रडले. आज तिथे त्याची आठवण म्हणून संकल्पभूमी हे स्मारक आहे. १९५६ मध्ये नागपूरला त्यांनी लाखो लोकांसह दीक्षा घेतली. त्या दिवशी एकेकाला टेबलापुढे उभं करून "कोणी काही दिलं का" विचारलं असतं तर काय झालं असतं, एवढाच विचार करा.

रावपुऱ्याचा वकील:
ताई, दाखला हाही विषय आहे. १९९० पासून बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, पण कागद नीट नसेल तर पुढे नातवंडं अडकतात. नोंद ठेवायला हवी, यावर मी ठाम आहे.

मांडवीची लेक:
नोंद ठेवा ना. जन्माची ठेवतो, लग्नाची ठेवतो. जन्माला यायला परवानगी कोणी मागत नाही.

रावपुऱ्याचा वकील:
नोंद आणि परवानगी वेगळ्या, हे मान्य. आधीची चौकशी पूर्ण काढून टाकावी हे अजून पटत नाही. पण ती रांगेसमोर झाली हे चूकच. कमाटीबागकर, अर्जाची पोच असेल तर मला दाखवा, किती दिवस झाले ते बघतो.

कमाटीबागकर:
पोच आहे काका, आत्याने ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या पानांत ठेवली आहे. उद्या घेऊन येतो. तिने दीक्षेसाठी पांढरं पातळ मार्चमध्येच घेतलं होतं, अजून कपाटात तसंच घडीत आहे.