प्रस्तावनेची लांबी टक्क्यांत मोजू नये

प्रस्तावना आणि निष्कर्ष एकूण लांबीच्या प्रत्येकी 10 टक्के ठेवावेत, असा एक नियम सुचवला जातो. वर्गातल्या निबंधाला तो चालेल; शोधनिबंधाला तो जाचक होतो. भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी 1990 मध्ये मांडलेली प्रस्तावनेची तीन पावलं मला जास्त उपयोगी वाटतात: क्षेत्राची ओळख, त्यातली उणीव, आणि ती तुम्ही कशी भरून काढणार. उणीव पटवायला आधीच्या कामाचा आढावा लागतोच. जागा तिथे जाते, जाऊ द्यावी. कापायचीच तर ‘प्राचीन काळापासून’ छापाची सुरुवात कापा! वॉटसन आणि क्रिक यांनी 1953 च्या डीएनएवरच्या छोट्याशा लेखात पहिल्याच वाक्यात मुद्द्याला हात घातला होता. निष्कर्षाला बहुतेक वेळा एक-दोन परिच्छेद पुरतात. फक्त त्यात नवा पुरावा आणू नका.