टेनर सॅक्स घेऊन लोकल आणि मग बंगलोर, कसं नेता तुम्ही?

मृण्मयी_डोंबिवली:
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं आल्टो (लहान सॅक्सोफोन) वाजवत होते, आता टेनर (त्याहून मोठा) घेतलाय आणि प्रवासाचे हाल सुरू झालेत. रिहर्सल वांद्र्याला, म्हणजे डोंबिवली ते दादर, तिथे ब्रिज चढून वेस्टर्नची गाडी, आणि येताना नेमकी संध्याकाळची गर्दी. आल्टो मांडीवर मावायचा, टेनरची केस समोरच्या बाईच्या गुडघ्याला लागते आणि वर रॅकवर ठेवायला मन धजत नाही. त्यात ऑगस्टमध्ये बंगलोरला कार्यक्रम ठरलाय. आयोजक म्हणतायत विमानाने या, घरचे म्हणतायत उद्यान एक्सप्रेसने जा म्हणजे वाद्य डोळ्यासमोर राहील. टेनर केबिनमध्ये घेऊ देतात का? चेक-इनला टाकायची वेळ आली तर काय करायचं? आणि पावसाचं पण सांगा, जी शार्प सुराची की (कळ) आत्ताच चिकटायला लागलीय, दाबली तरी पॅड (भोक झाकणारी कातड्याची गादी) उघडत नाही.

गिरगावचा_बाजा:
मृण्मयीताई, टेनरबद्दल आधी अभिनंदन. आरडींच्या गाण्यांतला मनोहारी सिंगांचा सॅक्स ऐकून या वाद्याच्या नादी लागलेली पिढी आमची, त्यामुळे नवीन कोणी टेनर उचलला की बरं वाटतं. आता कामाचं. लोक पितळ बघतात आणि ट्रम्पेटसारखं दणकट समजतात. अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून याची रचना तीच, नळी पितळेची पण अंगभर रॉड आणि कीज, वीसच्या वर पॅड, आणि त्यातला एक रॉड जरासा वाकला तरी खालचे सूर फुसफुसतात. बाहेरून धक्का लागतो त्यापेक्षा जास्त नुकसान आत वाद्य हलल्याने होतं. केस बंद करून कानाशी धरून हलवून बघा, काही खडखडलं तर प्रवासाला निघायचंच नाही. बेलमध्ये, म्हणजे खालच्या रुंद तोंडात, मऊ टॉवेल भरा, बॉडीच्या बाजूला जिथे पोकळ जागा असेल तिथे फडकी कोंबा, पण कीजवर दाब येईल असं काही ठेवू नका. नेक (वरची वाकडी नळी) काढल्यावर बॉडीच्या तोंडाला ते प्लास्टिकचं बूच बसवायचंच, बरेच जण ते ड्रॉवरमध्ये टाकून विसरतात. ऑक्टेव्हची, म्हणजे वरच्या सप्तकात नेणारी, बारीक दांडी त्या तोंडाशी वर आलेली असते, ती वाकली की अर्धी रेंज गेली समजा. नेक आणि माउथपीस (तोंडात धरून फुंकायचा भाग) वेगवेगळ्या पिशवीत, केसमध्ये सुटे नकोत. लांबच्या प्रवासाला ज्या कीज एरवी उघड्या असतात त्यांच्याखाली कॉर्कचे छोटे तुकडे सरकवून बंद करून ठेवा, रिपेअरवाल्याकडून एकदा करून घेतलंत की हाताला सवय होते.

सांताक्रूझ_टू_सगळीकडे:
विमानाचं मी सांगतो कारण मी कामासाठी सतत उडतो आणि आल्टो सोबत असतो. डोमेस्टिकला केबिनचं माप साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर आणि वजन ७ किलो. आल्टोची केससुद्धा लांबीला या मापाच्या बाहेर जाते, गेटवरच्या माणसाने चालवून घेतलं तर जाते. टेनरचं तसं चालवून घेतील या भरवशावर निघूच नका. आयोजक तिकीट काढतायत ना, मग त्यांना सांगा की एअरलाइनशी आधी बोला, काही कंपन्या वाद्यासाठी शेजारची सीट विकतात, आणि जे काय ठरेल ते ईमेलवर लेखी घ्या. काउंटरवर तो ईमेल दाखवला की वाद घालावा लागत नाही. चेक-इनलाच टाकायचा असेल तर गिग बॅग (मऊ कापडी पिशवी) अजिबात नको, कडक केसच हवी, आणि नेक, माउथपीस, रीड्स (माउथपीसला लावायच्या बांबूच्या पातळ पट्ट्या) स्वतःच्या हँडबॅगेत. छोटा स्क्रूड्रायव्हर मात्र हँडबॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीला काढून घेतात. आणि पुढेमागे परदेशी कार्यक्रम मिळाला तर निघताना एअरपोर्टच्या कस्टम्सकडून वाद्याचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं, सीरियल नंबरसकट, नाहीतर परत येताना हे बाहेरून आणलंय का म्हणून ड्युटीचा प्रश्न निघू शकतो.

हार्बरची_हर्षदा:
लेडीज डब्यात मी पण वाद्य नेते म्हणून सांगते. रॅकवर नाहीच ठेवायचा, गर्दीत वरून अजून दोन बॅगा येऊन पडतात. केस पाठीवर असेल तर चढायच्या आधी पुढे छातीशी घ्यायची, आत जाऊन दोन पायांच्या मध्ये उभी धरायची आणि हात वरच्या टोकावर. परतीला दादरहूनच सुटणारी लोकल बघ, थोडा वेळ जास्त जातो पण बसायला मिळतं. पाऊस सुरू झाला की केसवर रेनकव्हर, आणि घरी आल्यावर दमलीस तरी स्वॅब (आतला ओलावा पुसायचं दोरीचं फडकं) ओढल्याशिवाय झोपायचं नाही. चिकटलेल्या पॅडखाली सिगारेटचा पातळ कागद ठेव, पॅड वरून हलकेच दाब, ओलावा टिपला गेला की पॅड उघड आणि मग कागद काढ. पॅड मिटलेला असताना कागद ओढू नकोस, पॅडचं कातडं सोलवटतं. टाल्कम पावडर लावा असं कोणी सांगेल, त्याचं ऐकू नकोस, चार दिवस बरं वाटतं आणि मग पॅडवर थर बसतो.

मृण्मयी_डोंबिवली:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! बूच ड्रॉवरमधून काढून बसवलं. वेगळ्या सीटचं आयोजकांना विचारलं, ते बजेट नाही म्हणाले. मग उद्यानचा एसी डबा बरा का? त्यात गार हवेचा काही त्रास?

गिरगावचा_बाजा:
डोळे झाकून ट्रेन घ्या ताई. वरचा बर्थ मागा आणि केस उशाशी ठेवा, सीटखाली लोक ट्रंका ढकलतात. एसीतून उतरल्यावर बाहेर हवा दमट असेल तर लगेच केस उघडू नका, गार पितळेवर पाणी सुटतं आणि ते पॅडमध्ये मुरतं. हॉटेलवर गेल्यावर अर्धा-पाऊण तास बंदच राहू द्या. मग उघडून आधी लो बी फ्लॅटपर्यंत, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरापर्यंत, हळू वाजवून बघा, तो सूर स्वच्छ आला तर बहुतेक सगळं जागेवर आहे. रीड्स जास्तीच्या घेऊन जा, निघायच्या आधी धोबी तलावला फुर्टाडोस या वाद्यांच्या दुकानात चक्कर मारा.