मदत हवी आहे: बागेभोवतीच्या रस्त्याची रुंदी ४ येते, उत्तर मात्र २ छापले आहे

घोडबंदरची आई: माझी मुलगी राज्य मंडळाच्या दहावीत आहे. वर्गसमीकरण समोर मांडून दिले की ती भराभर सोडवते, पण आकृतीचे शाब्दिक उदाहरण आले की अडते. बाग २० मीटर लांब, १२ मीटर रुंद, सारख्या रुंदीच्या रस्त्याचे क्षेत्रफळ १४४ चौरस मीटर. आमचे उत्तर ४ येते, सरावसंचात २ आहे. अवयव नीट पडतात, ताळाही जुळतो, त्यामुळे ही छपाईची चूक असावी असे मला वाटते. उद्या तिची चाचणी आहे, कृपया लवकर सांगावे.

खारकर आळी: रस्ता बागेच्या आत आहे की बाहेर, हे आपण लिहिलेले नाही. आत धरला तर क्ष² − १६क्ष + ३६ = ० मिळते आणि रुंदी सुमारे २.७१ मीटर येते, म्हणजे ४ ही नाही आणि २ ही नाही. आपण मांडलेले समीकरण द्यावे.

सीवूड्सकर: माझ्या मुलाला मी अवयव पाडूच देत नाही. प्रत्येक उदाहरणात आधी विवेचक काढावा आणि सूत्रात किमती घालाव्यात, म्हणजे चुकायला जागा उरत नाही.

खारकर आळी: समीकरणच चुकीचे मांडले असेल तर सूत्रही तेच चुकीचे उत्तर देईल. इथे पद्धतीचा प्रश्नच नाही.

घोडबंदरची आई: 'बागेभोवती' म्हटल्यावर रस्ता बाहेरूनच असणार, म्हणून वेगळे लिहिले नाही. समीकरण (२० + क्ष)(१२ + क्ष) − २४० = १४४, म्हणजेच क्ष² + ३२क्ष − १४४ = ०. त्याचे अवयव (क्ष + ३६)(क्ष − ४).

ऐरोली सेक्टर ८: लांबी ऋण नसते, म्हणून −३६ हे मूळ सोडावे. हे कारण उत्तरपत्रिकेत लिहिणे आवश्यक आहे.

घोडबंदरची आई: ते तिने लिहिले आहे. माझा प्रश्न ४ चा आहे.

नौपाड्यातील निवृत्त शिक्षक: ताई, छपाई बरोबर आहे. मुलीच्या वहीतील आकृती पाहा. तिने क्ष बहुधा एकदा उजवीकडे आणि एकदा वर लिहिला असेल. तसे केले की रस्ता बागेच्या दोनच बाजूंना लागतो. तलावपाळीला फेरी मारताना पाण्याच्या या काठालाही पदपथ लागतो आणि समोरच्या काठालाही. तसाच हा रस्ता लांबीच्या दोन्ही टोकांना क्ष-क्ष इतका आहे. म्हणून बाहेरची लांबी २० + २क्ष आणि रुंदी १२ + २क्ष. तिचा क्ष म्हणजे दोन्ही बाजूंच्या रुंदीची बेरीज, म्हणूनच उत्तर बरोबर दुप्पट आले. ताळा जुळला, कारण तो तिच्याच समीकरणात घातला. तो आकृतीत घालावा: रुंदी ४ असती तर बाहेरचा आयत २८ × २० म्हणजे ५६० चौरस मीटर झाला असता आणि रस्त्याला ३२० उरले असते. रुंदी २ घेतली तर २४ × १६ म्हणजे ३८४, त्यातून २४० वजा जाता १४४. वर्गात वर्षानुवर्षे मी हीच चूक पाहिली आहे, आणि ती हुशार मुलांकडूनच अधिक होते, कारण समीकरण सुटले की ती आकृतीकडे परत वळत नाहीत.

सीवूड्सकर: नव्या समीकरणालाही सूत्रच लावावे, हे माझे मत कायम आहे.

डोंबिवलीहून ठाण्यात: सूत्राचीही गरज नाही. नवे समीकरण ४क्ष² + ६४क्ष = १४४ असे येते. त्याला ४ ने भागू नये, दोन्ही बाजूंना २५६ मिळवावेत; मग (२क्ष + १६)² = ४००, म्हणून २क्ष + १६ = २० आणि क्ष = २. चौपटीने गुणून वर्ग पूर्ण करण्याची ही रीत श्रीधराचार्यांची आहे आणि १२ व्या शतकात भास्कराचार्यांनी ती त्यांच्याच नावाने नोंदवली. इथे चौपट आयतीच मिळाली आहे.

खारकर आळी: रीत सुंदर आहे, परंतु उद्या चाचणी असताना मुलीला तिसरी वाट दाखवू नये. अवयव (क्ष + १८)(क्ष − २) सरळ पडतात.

घोडबंदरची आई: सर, वही उघडून पाहिली. क्ष खरोखरच दोन ठिकाणी होता, एक उजव्या कडेला आणि एक वरच्या. तिने न बोलता उरलेल्या दोन कडांवर क्ष लिहिला, आधीचे समीकरण खोडले आणि २ काढून दाखवले. आता ती चित्राच्या चौकटीचे उदाहरण घेऊन बसली आहे आणि पेन्सिलीने चारही बाजूंना आधी क्ष लिहीत आहे.