मदत हवी आहे : सेवाशर्ती बदलल्या, जुन्या ध्वनिमुद्रणांचे काय?

नमस्कार. समाजमाध्यमांच्या सेवाशर्ती आणि प्रताधिकार (कॉपीराइट) या विषयांतील जाणकारांचा सल्ला हवा आहे.

भोर तालुक्यातील काही गावांत वयस्क स्त्रियांनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्या मी गेली काही वर्षे ध्वनिमुद्रित करून एका समाजमाध्यमावरील सार्वजनिक पानावर ठेवत आले आहे. ध्वनिमुद्रणापूर्वी मी प्रत्येकीला विचारले होते आणि त्यांची उत्तरेही नेमकी होती : कोणी "आवाज टाका, फोटो नको" असे सांगितले, तर एकीने नवऱ्याचे नाव आलेली ओवी वगळायला लावली. म्हणजे संमती होती, पण ती लोकांनी ऐकावे एवढ्यापुरतीच होती.

आता त्या कंपनीची नवी सूचना आली आहे. सार्वजनिक मजकूर, छायाचित्रे आणि ध्वनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरले जातील, आणि ठरावीक तारखेनंतर सेवा वापरत राहणे म्हणजेच नव्या शर्ती मान्य असणे, असे तिच्यात म्हटले आहे. पडद्यावर 'मान्य आहे' हे ठळक निळे बटण आहे आणि त्याखाली फिकट अक्षरांत 'नंतर पाहू'. 'मान्य नाही' म्हणण्याची सोयच ठेवलेली नाही. ॲपवरील सर्व बटणे मराठीत आणि शर्तींचा मजकूर मात्र इंग्रजीत, हाही एक अजब प्रकार.

अशा एकतर्फी बदलांना पूर्वी विरोध झालेला आहे, हे मला माहीत आहे. २००९ मध्ये फेसबुकने आणि डिसेंबर २०१२ मध्ये इन्स्टाग्रामने बदललेल्या शर्ती ओरड झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतल्या होत्या. व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, आणि 'मान्य करा, नाहीतर चालते व्हा' हे धोरण म्हणजे बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर आहे, असे त्यामागचे म्हणणे होते. व्हॉट्सॲपने जाहिरातींसाठी वापरकर्त्यांची माहिती मेटाला देण्यावर आयोगाने पाच वर्षांची बंदीही घातली होती; पुढे अपिलीय न्यायाधिकरणाने ती उठवली, तरी दंड कायम ठेवला. परंतु या प्रकरणांतून माझ्या अडचणीचे उत्तर मिळत नाही, कारण तिथे वापरकर्ता स्वतःच्या माहितीविषयी भांडत होता. मी ज्यांच्या वतीने 'मान्य आहे' दाबायचे, त्यांतल्या बहुतेकींनी ते ॲप कधी उघडलेलेही नाही.

म्हणून विचारते : जुन्या शर्तींखाली ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांना नव्या शर्ती लागू होतात का? पान बंद केले तर कंपनीचा परवाना, म्हणजे ही ध्वनिमुद्रणे वापरण्याची तिला मिळालेली परवानगी, संपतो का? आणि या स्त्रियांच्या आवाजाबद्दल संमती देण्याचा अधिकार मला मुळात आहे का?

प्रतिसाद

ताई, तुमचा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून आधी त्याकडे वळतो. पारंपरिक ओवीच्या शब्दांवर सहसा कोणाचा प्रताधिकार सांगता येत नाही. मात्र गाणाऱ्या व्यक्तीला प्रताधिकार कायद्याच्या कलम ३८ नुसार सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क असतो आणि तो ५० वर्षे टिकतो. जवळपास प्रत्येक समाजमाध्यमाच्या शर्तींत 'या मजकुराचे आवश्यक ते सर्व हक्क माझ्याकडे आहेत' अशी हमी तुमच्याकडून घेतलेली असते. त्यामुळे गायिकांची संमती ऐकवण्यापुरती असेल, तर त्यापलीकडचे तुम्ही देऊ शकत नाही, आणि वाद झालाच तर कंपनी त्या हमीकडे बोट दाखवेल.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ यामध्ये एक पळवाट आहे, आणि गंमत म्हणजे ती तुमच्या प्रकरणात कंपनीच्या उपयोगी पडू नये. व्यक्तीने स्वतः होऊन सार्वजनिक केलेल्या माहितीला तो कायदा लागू होत नाही. इथे आवाज त्या स्त्रियांचा, पण तो प्रसिद्ध केला तुम्ही. ओव्यांत भावांची आणि माहेरच्या गावांची नावे येतात, तीही वैयक्तिक माहितीच आहे. अडचण वेळेची आहे : नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असले, तरी संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. युरोपात मे २०२५ मध्ये मेटाने असेच प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी वापरकर्त्यांना हरकतीचा अर्ज उपलब्ध करून दिला होता. तशी सोय आपल्याकडे कंपनी आपण होऊन देईल, अशी आशा धरू नका.

जुन्या ध्वनिमुद्रणांबाबत शर्तींची भाषा बहुधा 'तुम्ही ठेवलेला सर्व मजकूर' अशी असते, म्हणजे जुनेही त्यात आले. काढून टाकलेल्या मजकुराचा परवाना अनेक ठिकाणी संपतो. फेसबुक पूर्ण पुसण्यासाठी ९० दिवसांपर्यंतचा अवधी घेते. मात्र प्रशिक्षणात वापरला गेलेला आवाज मागाहून वेगळा काढणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून निर्णय त्या तारखेच्या आत घ्या. ग्राहक आयोगाचा विचार सोडून द्या, कारण विनामूल्य सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. त्याऐवजी कंपनीच्या भारतातील तक्रार अधिकाऱ्याला लेखी हरकत कळवा आणि शर्ती मराठीत मागा. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत (मराठी त्यात आहे) त्या उपलब्ध करून देण्याची तरतूद माहिती तंत्रज्ञान नियमांत २०२२ च्या दुरुस्तीने आली आहे. समाधान झाले नाही, तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येते.

धागाकर्ती

सविस्तर उत्तराबद्दल आभार. सर्व ध्वनिमुद्रणे उतरवून घेतली आहेत आणि पान तूर्त खासगी केले आहे. यातील दोघी आता हयात नाहीत. त्यांच्या बाबतीत कोणाला विचारावे?

प्रतिसाद

सादरकर्त्याचा हक्क वारसांकडे जातो, त्यामुळे मुलामुलींना विचारा. तोंडी होकारावर न थांबता ऐकवणे, प्रती देणे आणि प्रशिक्षणासाठी वापर या तिन्हींसाठी वेगवेगळी सही घ्या, म्हणजे एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येईल.